रंगारीपुऱ्यातली चौकशी

“नाव विचारायचं, घर विचारायचं. पण कशाकरता विचारतो, ते जीव गेला तरी सांगायचं नाही,” दौलतमामा म्हणाला. “आणि कुमुद, तू तर तोंडच उघडू नको. तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असते.”

आम्ही तिघं रंगारीपुऱ्याच्या तोंडाशी उभे होतो. मी, माझे बाबा आणि आईचा धाकटा भाऊ दौलतमामा. नागपुरातली ही विणकरांची जुनी गल्ली. ह्या गल्लीत कुठंतरी हेमराज निमजे राहत होता, आणि त्याच्याशी माझं लग्न ठरायचं ते ह्या एका फेरीवर अडलं होतं.

बाकी सगळं झालं होतं. फोटो झाले, पत्रिका झाली, मध्यस्थाचा दोन्ही घरचा चहा पिऊन झाला. राहिली होती ती चौकशी. आमच्याकडे मुलीचा बाप मुलाचं घर रीतसर बघायला जातो, त्याच्या आधी एकदा कुणाला न सांगता जाऊन येतो. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, किराण्याच्या दुकानात सहज बोलल्यासारखं विचारतो, की मुलगा कसा आहे, पितो का, घरात भांडणं किती. लग्नाचं आहे असा वास लागला की लोक एकतर तोंड फाटेस्तोवर स्तुती करतात नाहीतर भांजी मारतात. म्हणून चोरून विचारायचं.

अशा कामाला मुलीला कुणी सोबत नेत नाही. पण आदल्या दिवशी माझी टायपिंगची परीक्षा होती, त्यासाठी आम्ही पवनीहून नागपूरला आलो होतो आणि धर्मशाळेत उतरलो होतो. बाबा म्हणाले, “कुमुद राहील की इथं घटकाभर.” मामा भडकला. “नागपुरात तरण्या पोरीला एकटं ठेवता भाऊजी? पेपर वाचता की नाही तुम्ही? भर दुपारी चाकू चालते इथं.” तेव्हा शहरातल्या गुंडांच्या भीतीनं मला धर्मशाळेत ठेवलं नाही, आणि पेपरात सगळ्यात जास्त नाव येणाऱ्या गल्लीत सोबत आणलं. मला हसू येत होतं, पण मी गप्प राहिले. मला यायचंच होतं.

मामा जंगलखात्यात होता. त्या दिवशी तो जास्तच रुबाबात निघाला होता. कडक इस्त्रीचा सफारी, पिळलेल्या मिशा आणि खात्याचे तपकिरी बूट, आरशासारखे घासलेले. “अशा वस्तीत दबून गेलं की लोक खातात,” त्याचं म्हणणं. बाबा शाळामास्तर. धोतर, टोपी, काखेत छत्री. मी परीक्षेसाठी नेसलेली साडीच पुन्हा नेसले होते आणि केसांचा अंबाडा घट्ट बांधला होता. मी मुळात उंच, त्यात अंबाडा. आई म्हणायची, मागून पाहिलं तर शाळेची इन्स्पेक्टरीण वाटतेस.

हेमराजला मी आधी एकदाच पाहिलं होतं, माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात. तो नवऱ्या मुलाकडून आला होता. वीज मंडळात लाइनमन. पंगतीत आम्ही मुली वाढत होतो आणि वऱ्हाडाची थट्टा चालली होती. माझी मैत्रीण त्याला म्हणाली, “तुमच्या नागपुरात म्हणे रोज खून पडतात?”

त्यानं हातातली जिलबी खाली ठेवली. अगदी गंभीरपणे म्हणाला, “पडतात ना. मी सोता दोन वेळा मेलो.”

मी इतकी हसले की माझ्या हातातल्या पातेल्यातली कढी सांडली. नंतर हात धुवायच्या जागी तो मला म्हणाला, “आमच्या गल्लीचं नाव लई खराब आहे. पण सकाळी रस्त्यावर सुताचा ताणा पसरला ना, तं सायकलवाला उतरून बाजूनं चालत जाते. दुसऱ्याच्या धाग्यावर कोणी पाय देत नाही. तुम्ही याल तं पाहाल.”

तुम्ही याल तर, असं म्हणाला तो. मला तो आवडला होता. त्या काळी असं म्हणायची सोय नव्हती, आता म्हणते. पुढं महिनाभरात त्याच्याच घरून मागणी आली, तेव्हा मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते.

तर आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोह्याच्या ठेल्यावर बसलो. ठेलेवाला बोलका निघाला. बाबांना म्हणाला, “गुर्जी दिसता जी. तर्री कमी टाकतो, तुमाले झोंबन.” बाबा खूश झाले. शेजारच्या बाकावरचे दोघं आपली थाळी सरकवून मला जागा करून देत होते. आत गल्लीत खरंच ताणा पसरलेला होता, पिवळ्या सुताचा, आणि एक म्हातारी बकरीला त्याच्यापासून हाकलत होती. मी बाबांना कोपरानं खुणावलं. बाबाही पाहत होते.

मामानं मिशीवरून हात फिरवला आणि सहज विचारलं, “इथं हेमराज निमजे राहते ना?”

ठेलेवाल्याचा हात तर्रीच्या पातेल्यात थांबला. “कोण?”

“निमजे. लाइनमन आहे.”

“नाही जी. निमजे नाही कोणी इथं.”

“असं कसं? पत्ता तर हाच आहे.”

“पत्ता असन. निमजे नाही.” त्यानं मामाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेजारच्या बाकावरचे दोघं अर्धे पोहे टाकून उठून गेले.

मग न्हावी. तो कुणाचीतरी दाढी करत होता. मामाचा प्रश्न ऐकून म्हणाला, “मी नवीन आहे जी, मले मालूम नाही.” त्याच्या डोक्यावर भिंतीत त्याच्याच चेहरेपट्टीच्या आजोबांचा हार घातलेला फोटो होता आणि खाली ‘आमचे प्रेरणास्थान, ह्याच गादीचे संस्थापक’ असं लिहिलेलं होतं.

पुढं एक म्हातारा बाजेवर बसून सूत उकलत होता. तो म्हणाला, “निमजे होते. गेले.”

“कुठं गेले?”

“कामठीले.”

त्याच्या समोरच्या दारातली बाई त्याच वेळी म्हणाली, “भंडाऱ्याले.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ती बाई जरा सावरून म्हणाली, “मेले जी ते.”

“कोण, हेमराज?” बाबा घाबरून म्हणाले.

“सारेच.”

मामानं बाबांकडे असं पाहिलं, की बघा, मी काय म्हणत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी पळत आलं. ठेल्याजवळ भांडी घासणारी बाई होती. “अवो गुर्जी, छत्री इसरले तुमी,” म्हणून तिनं छत्री बाबांच्या हातात दिली आणि आली तशी परत गेली.

“पाहिलं?” मामा कुजबुजला. “आपल्या मागं माणूस लावला.”

“छत्री द्यायला आली ती, दौलतराव.”

“ते निमित्त झालं. आपण कुठं जातो, काय करतो, ते पाहायला पाठवली. ही सगळी टोळी आहे भाऊजी.”

आम्ही पुढं चाललो. आमच्या पुढं पुढं दारं लागत होती. माणसं नव्हती असं नाही. पडद्याआड बांगड्या वाजत होत्या, मागांचा खटखट आवाज आम्ही जवळ आलो की थांबत होता. मला भीती वाटली नाही. भीती एकाच गोष्टीची होती, की बाबा आता मागं फिरतील. म्हणून मामाचा हुकूम मोडून मीच एका दारापाशी गेले. दारात माझ्याच वयाची एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती.

“ताई,” मी म्हटलं, “निमजे कुठं राहतात हो? हेमराज निमजे?”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं. आत जाऊन तिनं पेलाभर पाणी आणून माझ्या हातात दिलं.

“ऊन लई आहे,” ती म्हणाली. “पाणी प्या अन् जा तुमी. त्या नावाचं कोणी नाही इथं.”

“पण तो मला म्हणाला होता...” मी बोलून गेले आणि थांबले. मामानं माझा दंड धरला होता.

तसंच धरून त्यानं मला गल्लीबाहेर आणलं. बसस्टँडवर बाबा एका बाकावर बसले. त्यांना हेमराज पसंत होता, लग्नात दोघांनी पाऊणएक तास पाऊसपाण्यावर गप्पा मारल्या होत्या. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवत नव्हतं.

“बाबा, माणूस आपण डोळ्यांनी पाहिलाय,” मी म्हटलं. “तो खोटा कसा असेल? उद्या वीज मंडळात जाऊन विचारू. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“असेल ना खरा,” बाबा म्हणाले. “मी कुठं म्हणतो तो नाही म्हणून? पण कुमुद, पूर्ण गल्ली एका तोंडानं खोटं बोलली. न्हावी, म्हातारा, बायका. का बोलली? काहीतरी आहे म्हणूनच ना? अशा घरात मी मुलगी कशी देऊ?”

“काय आहे ते विचारू तर.”

“कोणाला विचारशील?” मामा म्हणाला. “तिथं एक तरी माणूस खरं बोलला का?”

बस आली, आम्ही पवनीला परत आलो. बाबांनी मध्यस्थाला निरोप दिला, “योग नाही.” आमच्याकडे नकार असाच देतात. का नाही ते सांगायचं नाही, कुणाचा अपमान करायचा नाही, सगळं नशिबावर टाकून मोकळं व्हायचं. समोरचेही का म्हणून विचारत नाहीत. त्यामुळं आम्ही रंगारीपुऱ्यात जाऊन आलो होतो हेसुद्धा कधी कुणी बोललं नाही. मी रडले, जेवण सोडलं, आईची बोलणी खाल्ली आणि मग जेवले.

पुढं माझं लग्न चंद्रपूरला झालं. माणूस चांगला मिळाला, तक्रार करायला जागा नाही. तरी कढी वाढताना मला अजून हेमराज आठवतो, ह्याला मी काय करू? नवऱ्याची बदली झाली ती नेमकी नागपूरला, आणि मग आम्ही इथलेच झालो. एवढ्या वर्षांत ह्या शहरानं माझं काय चोरलं म्हणाल, तर देवळाबाहेरून एक चपलांचा जोड आणि फाटकावरचा मोगरा. मोगरा चोरणारे आमच्याच कॉलनीतले निवृत्त साहेब आहेत, पहाटे पिशवी घेऊन येतात. रंगारीपुऱ्यात मात्र मी कधी गेले नाही. त्या बाजूला काम निघालं की मी नवऱ्याला पाठवते. तिथं जाऊन घर विचारलं आणि पुन्हा कुणी नाही म्हणालं, तर मला ते सोसलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पापड लाटायला बायका जमल्या होत्या. शेजारच्या मेश्राम वहिनींनी त्यांच्या मुलीच्या सासूला आणलं होतं, बेबीताई सोनकुसरे. जाडजूड, हसऱ्या, हात भराभर चालणाऱ्या. कुणीतरी सकाळच्या पेपरातली बातमी काढली, की गुन्ह्यांत आपलं शहर पुन्हा पुढं आहे.

“पेपरवाल्याचं काय जाते लिहाले,” बेबीताई म्हणाल्या. “माझा जलम रंगारीपुऱ्यात गेला. पेपरानं आमाले जित्तं नाही ठेवलं.”

मी मान खाली घालून लाटत राहिले.

“त्या वक्ती शहरात कोठी काही झालं, का पोलीस आमच्याच गल्लीत येत,” त्या सांगू लागल्या. “करे कोणी, मार खाये कोणी. वासुदेव म्हणून पोरगा होता, मागावर बसे. चोरी झाली बर्डीच्या बाजारात, अन् त्याले उचलून नेलं. परत आला तं त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तवापासून गल्लीचा कायदाच झाला. कोणी बाहेरच्यानं नाव घेऊन विचारलं ना, का त्या नावाचा माणूस इथं राहतच नाही. लहान लेकराले बी शिकवून ठेवलं होतं.”

“मग?” कुणीतरी म्हणालं.

“मंग काय. एक डाव असेच आले, साध्या कपड्यात. पण बूट लपते का जी पोलिसाचा? एक मिशीवाला साहेब, एक म्हातारा खबऱ्या धोतरातला, अन् एक लेडी पोलीस. उंच बाई, हा एवढा अंबाडा. हेमराजले विचारत होते. हेमराज आमच्या शेजारचा, लाख माणूस. पोहेवाल्यानं मागच्या बोळीनं निरोप धाडला, तं आमी त्याले माझ्या घरात माळ्यावर चढवला अन् शिडी काढून घेतली.”

माझा पापड पोळपाटाला चिकटला. मी तो सोडवू लागले.

“अन् हा वेडा वरून काय म्हणे सांगू? म्हणे, वहिनी, पोलीस नाही ते, पवनीचे पाहुणे आहेत. मले खाली उतरू द्या. त्याची सोयरीक चालली होती न तिकडं. म्या म्हटलं, पाहुणे काय असे बूट घालून येतात बे? तं म्हणे, फटीतून मले त्या बाईच्या साडीचा काठ दिसून राहिला, तो पवनीच्या मागावरचा काठ आहे. हात जोडे वरून. माझ्या सासूनं खालून दम देल्ला, चूप बैस, नाही तं तूही मरशीन अन् आमालेही मारशीन.”

सगळ्या हसल्या. बेबीताई हसल्या नाहीत. त्यांनी पुढची लाटी घेतली.

“मंग पवनीहून निरोप आला, योग नाही. तवा आमाले उमजलं, ते खरंच पाहुणे होते. गल्लीतल्या बाया माझ्या सासूजवळ येऊन रडल्या. आमी त्याले म्हटलं, भाऊ, तू जाय, त्यायले समजावून सांग. चुकलं आमचं. तं म्हणे, काय सांगू वहिनी? त्यायले पोलीस समजून तुमी मले लपवलं, असं सांगू? मंग तो बाप विचारन, का तुयाकडं पोलीस येतेच कायले? काही बी सांगतलं तरी नाव गल्लीचंच खराब होते. अन् गेलाच नाही.”

“लग्न केलं का त्यांनी नंतर?” हे मी विचारलं. आवाज माझाच होता, पण मला तो लांबून आल्यासारखा वाटला.

“केलं ना. उशिरा केलं. बायको चांगली आहे, दोन लेकरं आहेत. पण त्या वक्ती त्यानं एक येडपट काम केलं. टिनाचा पत्रा आणला, आपल्या हातानं रंगवला, अन् गल्लीच्या तोंडाशी खांबावर चढून ठोकला. लाइनमनच तो, खांबावर चढाले त्याले कायचं. सारी गल्ली त्याच्यावर ओरडली. म्हटलं, पोलिसाले सोपं करून देतं का बे घर? तं म्हणे, येऊ द्या पोलीस. पण पुन्हा कोणी मले विचारत आलं, तं त्याले तुमाले विचाराची गरज नको.”

“आता काढला असेल तो,” मेश्राम वहिनी म्हणाल्या.

“कायचा काढते! दर दिवाळीले खाली उतरवते, रंग मारते, परत ठोकते. बायको चिडते, पोरं हसतात. पोरगा म्हणे, बाबा, आता मोबाईलवर सारे पत्ते दिसतात, आता कायले पायजे हे? आयकत नाही.”

बाकीच्या आपापल्या लाट्यांकडे वळल्या होत्या. मी पोळपाट बाजूला ठेवला.

“काय लिहिलंय त्याच्यावर?” मी विचारलं.

“हेमराज निमजे इथंच राहतो,” बेबीताई म्हणाल्या. “एवढंच. अन् बाण काढला आहे.”